तिसऱ्या हाकेपर्यंत

शिकारकथांचं वेड मला नेमकं कधी लागलं ते आठवत नाही, पण त्यापायी घरात माझी भरपूर टर उडाली हे नक्की आठवतं. परळच्या चाळीत, जिथं माणसांनाच पाय पसरायला जागा नव्हती, तिथं मी खाटेखाली ट्रंका भरून वाघ ठेवले होते. शनिवारी कचेरी लवकर सुटली की गिरगावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत घुसायचं आणि कसर लागलेल्या ढिगातून एखादं जाडजूड पुस्तक ओढून काढायचं. कुठल्याशा संस्थानाच्या वाचनालयाचा शिक्का, चित्रावर पातळ कागद, आणि तो उचलला की वाघावर पाय ठेवून उभा असलेला मिशाळ गृहस्थ. त्या गृहस्थाचा मला मनापासून हेवा वाटे. त्या ट्रंका आजही माझ्याकडे आहेत. त्यातलं एकच पुस्तक मी उघडत नाही.

"आमचा दादा मोठा शिकारी," धाकटा भाऊ शेजाऱ्यांना सांगायचा. "आजवर फक्त ढेकूण मारलेत, ती गोष्ट वेगळी." तो गिरणीत नुकताच लागला होता आणि चळवळीत आकंठ बुडाला होता.

आई मात्र ऐकायची. तिला वाचता येत नव्हतं. रविवारी दुपारी भांडी उरकली की ती भिंतीला टेकून बसे आणि मी मोठ्यानं वाचे. ती कधी घाबरत नसे, फक्त अधूनमधून लेखकाच्या चुका काढी. तिला तो अधिकार होता. कोकणात ती लहान असताना तिच्या थोरल्या बहिणीला गुरांमागून वाघानं उचलून नेलं होतं.

आता मी उघडत नाही त्या पुस्तकात एक प्रसंग होता. वाघाला रानातून उठवायला, हाकाऱ्याला गेलेला गडी घरी परततो, अंगणातून बायकोला हाक मारतो, आणि ती तिसऱ्या हाकेपर्यंत दार उघडत नाही. पुस्तक लिहिणाऱ्या साहेबानं त्यावरून गावकऱ्यांच्या अडाणीपणाची यथेच्छ चेष्टा केली होती. वाचताना मीही हसलो.

"बरोबर केल्यान," आई म्हणाली. "वाघान खाल्लेलो माणूस वाघाच्या डोक्यार बसता. वळखीच्यांका हाका मारता. पयल्या दोन हाका तेच्या. तिसरी तेका मारूक जमना नाय."

मग निवडलेली भाजी बाजूला सारत तिनं सांगितलं, की बहीण गेल्यावर कितीतरी दिवस परसातून तिच्या आवाजात हाका येत. दोनच. तेव्हा आजी आईचं तोंड दाबून धरून बसे. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर मजाही वाटली. तेव्हा भीती मला घरबसल्या मिळत होती.

पुढे संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. एका सकाळी भाऊ मोर्चाला गेला आणि दुपारी कर्फ्यू लागला. चाळीचा खालचा दरवाजा अडसर घालून बंद केला. गॅलरीत उभं राहायलाही बंदी. खिडक्या लावून आई आणि मी घामाघूम होऊन बसलो होतो. लालबागच्या बाजूनं गोळ्यांचे आवाज आले, मग तेही थांबले. भोंगा नाही, ट्राम नाही, कावळासुद्धा नाही. वाघ फिरायला लागला की रान गप्प होतं, हे मी कितीदा तरी चवीनं वाचलं होतं.

खालून हाक आली. "आई!"

मी ताडकन उठलो. आईनं माझं मनगट पकडलं.

"आपलाच आहे तो. सोड."

"थांब. तिसरी येवंदे."

"आई!" पुन्हा आली, खालच्या आवाजात, दाराला तोंड लावून मारल्यासारखी. भावाचाच आवाज, मी शपथेवर सांगितलं असतं. मी हात हिसडत होतो. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पकड सुटत नव्हती. रस्त्यावरून पोलिसांची लॉरी घरघरत आली, थोडी थांबली आणि गेली. तिसरी हाक आली नाही.

मी खाली धावलो, अडसर काढला. पायरीवर कुणी नव्हतं. रक्त नाही, चप्पल नाही, काहीच नाही.

दिवेलागणीला कर्फ्यू घटकाभर सैल झाला आणि भाऊ आला. धडधाकट. दिवसभर दादरला मित्राकडे अडकून पडला होता, परळकडे फिरकलाही नव्हता. आईनं त्याला कवटाळलं, कानशिलांवर बोटं मोडली.

"बघलंस?" ती मला म्हणाली. "तो नव्हतोच थय." मुलगा परत मिळाल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता.

जेवताना मी भावाला सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"अगं आई, आज पोरं जीव घेऊन पळत होती गल्लीबोळांतून. कुणीतरी असेल. अशा वेळी बंद दारापुढं कुणीही आईच म्हणणार ना?"

आई भात वाढत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि जिना उतरली. आम्ही मागोमाग गेलो तर तिनं दरवाजा सताड उघडला होता. कर्फ्यू पुन्हा लागायची वेळ झाली होती. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती.

"ये रे झिला!" ती ओरडली. "दार उघडां आसा!"

समोरच्या चाळींतल्या खिडक्यांमागं दिवे होते, माणसं होती. तिनं पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. कुणीच ओ दिली नाही.