सातव्या मैलावर बंद पडणारी गाडी

इंग्लंडमधल्या क्लन गावच्या हेडली बेडोजने अडतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या अडतीस वर्षांत एकदाही कुणाला ओव्हरटेक केलं नाही. ट्रॅक्टरलासुद्धा नाही. निवृत्तीनंतर तिसऱ्याच आठवड्यात तो एक जुनी, दोन माणसांची, बिनछपराची हिरवी स्पोर्ट्स कार घेऊन दारात उभा राहिला.

त्याची बायको म्यूरिएल बाहेर आली आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "हिच्यात बसायचं, की ही पायात घालायची?"

पहिल्या रविवारी दोघं फिरायला निघाली. गाडी वाऱ्यासारखी पळाली आणि सातव्या मैलावर आचके देत बंद पडली. अर्धा तास ढिम्म हलेना. मग काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाली. परतताना पुन्हा सात मैलांनी बंद पडली, ती नेमकी घराच्या फाटकात. निम्मी आत, निम्मी बाहेर.

हेडलीने विल्फला बोलावलं. विल्फ पंचक्रोशीतले ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि मत मागायच्या आत द्यायचा. त्याने प्लग बदलले. मग कार्बोरेटर खोलून साफ केला. मग कॉइल बदलली. दर वेळी तो बॉनेट आपटून "आता बघ" म्हणायचा, आणि दर वेळी गाडी सात मैल जाऊन बसायची. घोडं कुठे पेंड खातंय, काही कळेना. शेवटी विल्फने निदान केलं की इंजिन वयामुळे थकतं आणि अर्ध्या तासाच्या विश्रांतीने ताजंतवानं होतं.

"म्हणजे तुझ्यासारखंच," म्यूरिएल हेडलीला म्हणाली. "फक्त ते सात मैल तरी जातं."

हेडलीला मात्र हसू येईना. या वयात थोडी हौस करावी म्हटलं, तर तीही सातव्या मैलावर संपत होती.

पुढच्या खेपेला गाडी मेंढ्यांच्या कुरणाशी बंद पडली. पेट्रोल तरी आहे का, म्हणून म्यूरिएलने वैतागून टाकीचं झाकण फिरवलं. आतून लांबलचक 'फुस्स' आलं. हेडलीने स्टार्टर दाबला, तर गाडी तत्क्षणी सुरू.

"ए, हिला गॅस झाला होता," म्यूरिएल म्हणाली.

घरी परतल्यावर विल्फने ते झाकण उजेडात धरून पाहिलं. झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल संपत जातं तशी त्यातून टाकीत हवा शिरते. हवा नाही, तर पेट्रोल पुढे सरकत नाही; अर्ध्या तासात थोडी हवा कुठूनतरी झिरपली, की पुन्हा सात मैल. भोकात काहीतरी पांढरं, घट्ट बसलं होतं. विल्फने ते नखाने खरवडून हुंगलं.

"पॉलिश," तो म्हणाला. "हेडली, हे झाकण तू दिवसातून किती वेळा घासतोस?"

"दोनदा," हेडली पुटपुटला. "पाहुणे आले तर तीनदा."

म्यूरिएलने शिवणाची सुई आणून एका मिनिटात भोक मोकळं केलं. आधीचे सगळे भाग बदलले नसते तर सुईचा उपयोग झाला नसता, असं विल्फ आजही सांगतो.

त्या शनिवारी दोघं एका दमात थेट ॲबरिस्टविथच्या समुद्रापर्यंत गेली. वाटेत हेडलीने एका ट्रॅक्टरला ओव्हरटेक केलं आणि ट्रॅक्टरवाल्याची हात हलवून माफीही मागितली. किनाऱ्यावर पोचल्यावर कळलं, की एवढ्या खोल सीटमधून हेडलीचे गुडघे त्याला काही उठू देत नाहीत. आइस्क्रीम खाणाऱ्या दोन अनोळखी बायकांनी काखेत हात घालून त्याला उपसून काढलं. म्यूरिएलने त्यांची आइस्क्रीमं धरली होती. त्यातलं एक परत करताना बरंच लहान झालं होतं.