उतारावर बंद केलेली लॉरी

आमचे बाबा उतार दिसला की इंजिन बंद करत. किल्ली फिरवायची, गिअर काढायचा आणि गाडी आपसूक घरंगळू द्यायची. ही खोड त्यांना बोरीवलीच्या एका डॉक्टरांच्या लहान गाडीवर लागली. डॉक्टर भलतेच चिक्कू, पेट्रोलच्या थेंबाथेंबावर जीव. स्वातंत्र्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील, तेव्हा बाबा दगडखाणीच्या लॉरीवर लागले आणि खोड बरोबर घेऊन गेले.

लहान गाडीवरची काटकसर म्हणजे पोरखेळ, असं आता ते म्हणू लागले. "वासरू पिऊन पितं किती?" ते आईला समजावत. "त्याचं निम्मं पाणी तोडलंस तरी बादली भरायची नाही. म्हशीचं जरासं तोड, घागरी भरतील." लॉरी म्हणजे म्हैस. आईला हे पटायचं. मलाही पटलं असतं, पण सुट्टीत एकदा मी हट्टाने त्या लॉरीत बसले. नऊ-दहा वर्षांची असेन.

दगड भरून आम्ही खाणीतून निघालो. उतार लागताच बाबांनी किल्ली फिरवली. घरघर थांबली आणि मागचे दगड एकमेकांवर आपटताना ऐकू येऊ लागले. वेग वाढतच गेला. खाली वळणावर तबेल्याच्या म्हशी रस्ता ओलांडत होत्या, मधोमध त्यांचा गवळी. बाबांनी ब्रेक दाबला. पहिल्यांदा जरा लागला, दुसऱ्यांदा हलेचना. डॉक्टरांच्या गाडीचा ब्रेक नुसत्या पायावर चालायचा. या धुडाच्या ब्रेकला इंजिनाची मदत लागायची, आणि इंजिन तर आम्हीच बंद केलेलं. बाबा सीटवरून उठून पेडलवर उभे राहिले. माझा फ्रॉक ओला झाला. शेवटी त्यांनी किल्ली फिरवून गिअर टाकला. लॉरी हिसका खाऊन सुरू झाली आणि शेवटच्या म्हशीच्या शेपटीपाशी थांबली. गवळ्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

बाबांनी बाहीने तोंड पुसलं. "आवशीक सांगू नको हां," ते म्हणाले; माझ्याशी बोलताना आईला ते आवस म्हणत.

"मग इंजिन बंद करायचं नाही. माझी गळ्याशपथ घ्या."

त्यांनी माझ्या गळ्याला बोटं लावली.

गळ्याशपथ मोडली की ज्याच्या गळ्याची घेतली तो मरतो, अशी आम्हा पोरांची पक्की खात्री. म्हणजे आता बाबांबरोबर माझाही जीव त्या उतारावर टांगलेला. आमच्या खोलीतून उतार दिसत नसे, पण ऐकू येई.  संध्याकाळ झाली की उंबऱ्यात बसून मी बाबांच्या लॉरीची घरघर थेट खालपर्यंत ऐकायची, मगच आत जायची.

एके संध्याकाळी ती ओळखीची घरघर उतारावर आली आणि मध्येच तुटली.

माझा हात गळ्याकडे गेला. आई आत भाकऱ्या थापत होती.  अंधारून आलं तरी मी जागची हलले नाही.

मग बाबा चालत येताना दिसले, हातात रिकामा डबा. पेट्रोल संपलं होतं. पूर्वीच्या अंदाजाने भरलेलं, इंजिन बंद न करता कसं पुरणार? गिअरमध्ये असल्यामुळे लॉरी जागीच थांबली होती. मी धावत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि हमसून हमसून रडले. आई दारात येऊन काय झालं, काय झालं म्हणून विचारत राहिली.

"तुझ्यापायी आखी टाकी जाळलंय गो," बाबा माझ्या कानाशी हळूच म्हणाले.