बाच्या हाताचं मॉडेल

अंजू राठोड पुण्यात रबराचा अभ्यास करते, हे तांड्यावर कुणाला सांगून पटायचं नाही. रबराचा कसला आलाय अभ्यास? चप्पल तुटली तर मोची आहे, टायर बसलं तर पंक्चरवाला आहे; या दोघांच्या मध्ये अंजूचं काय काम? तांड्याचे नाईक लखीराम तर तोंडावर विचारायचे, "काय वं अंजू, इतकी शिकली अन् ट्यूबच चिकटवून राह्यली का?" अंजू हसून पुढे जायची. समजावून सांगण्याचा नाद तिनं कधीच सोडला होता.

खरं तर तिचं काम थरथर अडवण्याचं. मशीन थरथरतं, ती थरथर मुठीतून हातात शिरते, आणि वर्षानुवर्षं शिरत राहिली तर आतल्या बारीक नसा मारून टाकते. मशीन आणि माणूस यांच्यामध्ये रबराचं आणि जेलचं काहीतरी असं घालायचं की थरथर तिथंच जिरली पाहिजे. ऐकायला सोपं आहे. पण लोखंड सरळमार्गी असतं, जेवढं दाबाल तेवढं दबतं. रबर महा लहरी. पहिल्यांदा ताणलं तर अंग चोरतं, दुसऱ्यांदा ताणलं तर सैल पडतं. हळू दाबलं तर लोणी, झटक्यानं दाबलं तर दगड. मागं काय काय सोसलं ते सगळं लक्षात ठेवतं आणि त्याप्रमाणे पुढं वागतं. जेल तर त्याच्याही वरचढ. हा सगळा लहरीपणा गणितात पकडायचा, कॉम्प्युटरवर त्या रबराचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, त्यांना हलवायचं आणि थरथर कुठं मरते ते बघायचं. यालाच ती मंडळी मॉडेल म्हणतात.

अंजू या वाटेला लागली ती बापामुळे. रतनसिंग विहिरी खोदायचा. मानोरा तालुक्यातल्या काळ्या मातीखाली काळाच खडक आहे, आणि त्या खडकाला सुरुंगाची भोकं पाडायला ट्रॅक्टरच्या कंप्रेसरवर चालणारा ब्रेकर लागतो. दिवाळी झाली की पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रतनसिंग कुणाच्या ना कुणाच्या विहिरीच्या तळाशी ब्रेकर धरून उभा असायचा. तरुणपणापासून हेच. अलीकडे थंडीच्या सकाळी त्याची बोटं टोकाकडून खडूसारखी पांढरी पडायची. तो ती शेकोटीवर धरायचा आणि म्हणायचा, "गोरी होऊन राह्यली व पोरी, म्हातारपनी."

पण याच बोटांची तांड्यावर दुसरी ओळख होती. होळीला लेंगी गायला सारा तांडा जमला की डफ रतनसिंगच्या हातात जायचा. आधी तो डफ जाळासमोर धरून तापवायचा, कातडं टणक झालं की उजव्या हाताचा ठोका आणि डाव्या हाताच्या बोटांची डफाच्या कडेवर अशी काही बारीक सरसर सुरू करायचा की घुंगटातल्या म्हाताऱ्यासुद्धा रिंगणात उतरायच्या. रतनसिंगला गळा नव्हता, बोलण्यात तर तो अगदीच गरीब. जे काही त्याला म्हणायचं असेल ते तो वर्षातून एकदा त्या बोटांनी म्हणायचा. अंजूला ती बोटं वाचवायची होती. बाकी पदवी, पेपर, परिषदा हे सगळं त्याच्या मागून आलं.

एका उन्हाळ्यात ती क्रेनच्या बादलीत बसून विहिरीच्या तळाशी उतरली आणि ब्रेकरच्या मुठीवर तिनं थरथर मोजणारं यंत्र चिकटवलं. रतनसिंग लाजला. सगळ्या मजुरांसमोर पोरगी आपल्या हाताची मापं घेते आहे, याची त्याला शरमही वाटत होती आणि अभिमानही. पुण्यात जाऊन अंजूनं कॉम्प्युटरमध्ये बापाचा हात उभा केला. तळवा, मनगट, कोपर: तीन वजनं आणि त्यांना जोडणाऱ्या तीन स्प्रिंगा. स्क्रीनवर तो हात हलायचा आणि ती एकटीच बसून त्याच्याकडे बघत राहायची. जेल किती मऊ ठेवावं? फार मऊ ठेवलं तर ब्रेकर हातात ठरत नाही, फार घट्ट ठेवलं तर थरथर आत येते. शेवटी तिनं मधला बिंदू गाठला आणि बाहेरून रबर, आतून जेल अशी दोन मूठकव्हरं स्वतःच्या हातानं ओतून दिवाळीला घरी आणली.

"बा, उद्यापासूनच घाल. एक दिवसही थांबू नको."

रतनसिंगनं कव्हरं हातात घेऊन बोटानं दाबून पाहिली. मग याडीनं, म्हणजे अंजूच्या आईनं, गोमतीबाईनं, ती त्याच्या हातून घेतली, कपाळाला लावली आणि आत नेली. अंजूनं ते पाहिलं. आई आहे, कौतुकानं लावली असतील, असं तिला वाटलं. दुसऱ्याच दिवशी तिला बस धरायची होती.

हिवाळाभर फोन चालू होते.

"घातलं का बा?"

"व्हय."

"कसं वाटते?"

"लय मस्त."

"झिणझिण्या?"

"कमी हायेत. बेस काम केलं तू."

रतनसिंगनं आयुष्यात सलग एवढं कौतुक कुणाचं केलं नसेल. अंजू हवेत तरंगत होती. प्रयोगशाळेतल्या सादरीकरणात तिनं शेवटच्या पानावर विहिरीतल्या बापाचा फोटो लावला आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या झिणझिण्या कमी झाल्याचं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या काळात ती खरोखर सुखी होती, आणि ते सुख आता तिला चोरीच्या मालासारखं वाटतं.

होळीला ती घरी आली. रात्र चढायच्या आधीच लेंगीला माणसं जमली. लखीराम नाईकांनी रिवाजाप्रमाणे डफ रतनसिंगच्या हाती दिला. त्यानं तो जाळासमोर तापवला, डाव्या हातात तोलला, आणि एक ठोका मारला. ठोका बरोबर पडला. त्यामागून बोटांची सरसर यायला हवी होती, ती आली नाही. डफ बोटांतून घसरला, त्यानं मांडीनं सावरला आणि शेजारी उभ्या पुतण्याकडे दिला.

"यंदा किशन वाजवते," तो म्हणाला.

लोकांना वाटलं, म्हाताऱ्यानं मोठ्या मनानं पोराला पुढं केलं. कुणीतरी त्याची पाठही थोपटली. किशननं जोरात वाजवलं, माणसं नाचली. अंजू मात्र बापाच्या हाताकडे बघत राहिली. मग तिला सकाळचं आठवलं. सकाळी याडी बापाच्या सदऱ्याची बटणं लावून देत होती, आणि तिला ते लाडाचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "बा, कव्हरं कुठी हायेत?"

रतनसिंगनं गोमतीबाईकडे पाहिलं. गोमतीबाई उठली आणि पत्र्याला टेकलेल्या देवाच्या फळीवरून लाल कापडाची पुरचुंडी घेऊन आली. वर हळदकुंकू, बाजूला नारळ.

"पोहरादेवीले चढवाची हायेत, रामनवमीले," ती म्हणाली. "तुझ्या हातची पयली वस्तू हाये अंजू. पयले देवापुढं ठेवावं, मंग वापरावं. तुले का मालूम नाई?"

मालूम होतं. या घरात गाईचं पहिलं दूध, शेतातली पहिली तूर, सगळं आधी देवाला जायचं. अंजूच्या पहिल्या पगारातली साडीसुद्धा आधी पोहरादेवीला जाऊन आली होती, तेव्हा तीच मिरवत पुढं चालली होती.

तिनं पुरचुंडी सोडली. कापड तेलकट झालं होतं. पत्र्याखालची धग, दोन्ही वेळेला अगदी जवळ लावलेला दिवा आणि भोवती घट्ट गुंडाळलेलं सुती कापड यांनी मिळून जेलमधलं सगळं तेल ओढून घेतलं होतं. उरलं होतं ते वाळलेल्या भाकरीसारखं कडक. दाबलं तर दबत नव्हतं, वाकवलं तर त्याला चीर गेली. तिच्या मॉडेलमध्ये ऊन होतं, थंडी होती, वेग होता, भार होता. देवाची फळी नव्हती.

"मंग मस्त हाये म्हणून काहून सांगतलं मले?" ती ओरडली. "हिवाळाभर! उघड्या मुठीनं काम करून राह्यला होता तू, अन् मले सांगतं झिणझिण्या कमी झाल्या?"

रतनसिंग खाली बघत म्हणाला, "तुले बरं वाटावं म्हनून. तू लय मेहनत केली व्हती ना."

गोमतीबाई रडायला लागली. तिनं रोज फुलं वाहून, दिवा लावून त्या वस्तूची काळजी घेतली होती. आता तिला कुणी काय सांगावं? अंजूला आईचा राग आला, बापाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. रबराचा स्वभाव ओळखण्यात तिनं उमेदीची वर्षं घातली होती, आणि ज्या घरात वाढली त्या घराचा स्वभाव तिला ठाऊक असून सुचला नव्हता. दिवाळीला याडीनं कव्हरं कपाळाला लावली तेव्हाच तिनं विचारायला हवं होतं.

वाशीमच्या डॉक्टरांनी रतनसिंगच्या बोटांना सुई टोचून पाहिली. त्याला कळलंच नाही. तो खिडकीबाहेर बघत होता. गेलं ते परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, आता ब्रेकर सोडा म्हणजे आणखी जाणार नाही. रतनसिंगनं मान डोलावली. बाहेर येऊन म्हणाला, "दुसरं येते काय मले?"

नवीन कव्हरं करून देते, असं अंजू म्हणाली. म्हणताना तिलाच त्यातला फोलपणा दिसत होता. जे लागतच नाही त्यापासून वाचवायचं कुणाला?

रामनवमीला तिघं पोहरादेवीला गेले. गर्दी मरणाची. गोमतीबाईनं ती कडक झालेली कव्हरं नव्या कापडात बांधून नेली आणि देवापुढं ठेवून परत घेतली. अंजूनं अडवलं नाही. हात जोडले, पण मागण्यासारखं तिला काही सुचलं नाही. तिथूनच ती पुण्याला गेली.

पुढच्या आठवड्यात बापाचा फोन आला. एरवी तो स्वतः कधी फोन करत नसे. आवाजात उत्साह होता. मागच्या खोटेपणाची भरपाई करायला तो निघाला होता.

"अंजू, देवापुढून आणलेलं तुझं ते आज घातलं. देवाची आन, आता खरंच सांगून राह्यलो. दिवसभर ब्रेकर धरला, झिणझिनी म्हनून एक नाई. हाताले काईच लागत नाई पोरी, काईच नाई. लय बेस चीज बनवली तू."

समोर स्क्रीनवर बापाचा तीन स्प्रिंगांचा हात हलत होता. हेच वाक्य ऐकण्यासाठी तिनं इतकी वर्षं घातली होती. बाप तिकडे वाट पाहत होता, पोरगी खूश होते की नाही म्हणून.

"बरं झालं, बा," ती म्हणाली. "मले लय बरं वाटलं."