गडावरचा फोटो

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. कुठल्याही वस्तूला चिठ्ठी नसली की माझा जीव वर-खाली व्हायचा. बेअरिंग कुठून आलं, कधी आलं, कुठल्या रॅकला ठेवलं, सगळं लिहिलेलं पाहिजे. ही खोड मी घरी आणली आणि तिनेच माझ्या बायकोचं वाटोळं केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी सगळा राग सरकारवर काढायला नको. सरकारवर माझाही राग आहे, पण त्याचा नंबर दुसरा.

माझी बायको कराचीची. हे कळलं की लोक पहिल्यांदा तिच्या कपाळाकडे बघायचे. टिकली दिसली की विचारायचे, सिंधी का? नाही, मराठीच. तिचे पणजोबा बंदरावर कामाला म्हणून कराचीला गेले आणि तिथलेच झाले. फाळणीच्या वेळी घरच्यांनी आज निघू, उद्या निघू केलं आणि निघणं राहून गेलं. घरात मराठी बोलायचे, गणपती बसवायचे, चतुर्थीला एकवीस मोदक करायचे. तिची एक आत्या मात्र फार पूर्वी लग्न होऊन पंचवटीत आली होती. त्या आत्याकडे ही व्हिसावर राहायला आली आणि आत्याने मखमलाबादला आमच्याकडे शब्द टाकला. आमचं घर भाजी आणि फुलं पिकवणारं. मी तेवढा कारखान्याच्या वाटेला गेलेलो, त्यामुळे माझ्यासाठी मुलगी मिळणं जरा अवघडच होतं. मुलगी बघायला गेलो तर तिने चहा देताना विचारलं, “साखर ज्यादा तर नाही ना झाली?” ते ‘ज्यादा’ ऐकूनच मी होकार दिला असावा.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. लग्नाला तिकडून तिची आई एकटीच येऊ शकली, वडील आधीच गेलेले आणि बाकी नातेवाइकांना व्हिसा मिळाला नाही. आईने येताना स्वतःच्या लग्नातली मोरपंखी साडी आणली होती.

आमच्यात लग्नानंतर नवरा-नवरीने जोडीने वणीच्या गडावर जाऊन देवीची ओटी भरायची असते. त्याशिवाय संसाराला लागायचं नाही. हळद निघाली की पहिली एसटी वणीची. बायकोच्या व्हिसावर नाशिक शहर सोडून कुठे जायचं नाही असं लिहिलेलं होतं, आणि ते मला माहीत होतं. मी आईला तसं बोललोही. आई पाटीभर झेंडू निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “देवीला जायला कसली परवानगी लागती रे? उद्या म्हणशील, पाया पडायला पण अर्ज करा.”

मला ते पटलं. माझी सासूही म्हणाली, देवीचं आधी. पाचव्या दिवशी आम्ही गेलो. सकाळी गेलो, दुपारी उशिरा परत आलो. पायऱ्यांवर एका फोटोग्राफरने आमचा फोटो काढला. बायको आईच्या मोरपंखी साडीत, हातात खण-नारळाचं ताट, आणि काहीतरी ऐकून खो-खो हसते आहे. माझे डोळे मिटलेले. फोटो पत्त्यावर आला त्याच दिवशी मी पेन काढलं आणि मागे स्वच्छ अक्षरात लिहिलं: वणी गड, लग्नानंतर पाचवा दिवस. खाली तारीख.

त्यानंतर आम्ही नियम मोडला नाही. सासू परत गेली. लग्न झालं म्हणून बायकोचा मुक्काम वाढवून मिळाला, पण दर वर्षी अर्ज करून पुन्हा वाढवून घ्यायचा. शहराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परवानगी. माझ्या मावसबहिणीचं लग्न येवल्याला होतं, त्यासाठी अर्ज केला. परवानगी आली तेव्हा बहीण पहिल्या दिवाळसणाला माहेरी येऊन गेली होती. मग आम्ही अर्ज करायचंच सोडून दिलं. रविवारी स्कूटरवर दिंडोरी रोडने निघायचो. शहराची हद्द संपल्याची पाटी आली की एका टपरीवर उसाचा रस प्यायचा आणि माघारी. मुलगी झाल्यावर तिला पुढे उभी करून तिघं जायचो. मुलीला बरीच वर्षं वाटायचं, रस्ता तिथेच संपतो.

पाच वर्षं सलग राहिलं की नागरिकत्वासाठी अर्ज करता येत होता. त्यातही अर्जाच्या आधीचं वर्षभर देशाबाहेर जायचं नाही. आणि इथेच सगळी मेख होती. तिकडे सासू थकत चालली होती. आधी साखर, मग डोळे, मग पाय. बायको तिला भेटायला गेली असती तर आमचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले असते. शिवाय परतीचा व्हिसा मिळेल की नाही याची हमी कोण देणार? मिळाला नाही तर मुलगी इकडे आणि ही तिकडे. म्हणून ठरलं, आधी नागरिक व्हायचं, इथला पासपोर्ट हातात घ्यायचा आणि मग राजरोस आईकडे जाऊन यायचं. सासूनेही पत्रात तेच लिहिलं. तू पक्की हो, मग ये, मी कुठे जात नाही.

अर्ज केला. कागदांची चळत तर मी अशी लावली होती की कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, तुम्ही वकील का? मला केवढा आनंद झाला. वर्षभराने मुलाखतीचं बोलावणं आलं.

महिनाभर मी बायकोची तयारी करून घेतली. बोलायला ती वस्ताद, पण मराठी वाचायला तिला अडखळायला व्हायचं, कारण शाळेत ती उर्दू शिकलेली. मुलगी बालवाडीत होती. दोघी एकाच पुस्तकातून ‘कमळ’ नि ‘बदक’ वाचायच्या. जेवणं झाली की मी साहेब व्हायचो. राष्ट्रपती कोण, राजधानी कुठली, इथे का राहायचं आहे? ती उत्तरं बरोबर द्यायची आणि शेवटी म्हणायची, “मेहरबानी.” मी चिडायचो. तिथे मेहरबानी म्हणशील तर केलेलं सगळं पाण्यात जाईल. काय म्हणायचं? आभारी आहे, साहेब. पुन्हा म्हण. ती पुन्हा म्हणायची. मी खरंच फार चिडायचो, आता आठवून लाज वाटते. एकदा मुलीसमोर तिला मूर्ख म्हणालो. ती उठून भांडी घासायला गेली.

मुलाखतीच्या दिवशी ती कॉटनची पांढरी साडी नेसली. साहेब वयस्क होते, आवाज शांत. तिला सगळं आलं. अडखळली नाही, उर्दूचा एक शब्द नाही. मी शेजारी बसून मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो. साहेबांनी फाइल मिटत आणली होती. सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, लग्न खरं आहे याचा आणखी काही पुरावा आहे का? पत्रिका, फोटो?

पत्रिका फाइलमध्ये लावलेलीच होती. तिच्यावर बोट ठेवलं असतं तरी भागलं असतं. पण मी पिशवीतून अख्खा अल्बम काढला. साहेब, एकेका फोटोमागे नोंद आहे, असंही वर सांगितलं. छाती फुगवून सांगितलं. साहेबांनी हळद बघितली, सप्तपदी बघितली. मग गडावरचा फोटो आला. हा छान आहे, म्हणाले, आणि तो त्यांनी अल्बमच्या खिशातून काढून उलटा केला.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग फाइल पुन्हा उघडून व्हिसाची प्रत काढली आणि फोटो तिच्याशेजारी ठेवला. मला कळायच्या आधी बायकोला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, घाबरणं होतं, आणि ते मला आजही डोळे मिटले की दिसतं.

साहेबांनी विचारलं, “या दिवशी परवानगी घेतली होती?”

मी म्हणालो, “साहेब, देवीला गेलो होतो.”

तो माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, मीही वणीलाच जातो. पण हे मी आता पाहिलं आहे, न पाहिल्यासारखं कसं करू? फोटो त्यांनी फाइलला लावून घेतला. बायको उठली. महिनाभर पाठ केलेलं वाक्य तिच्या तोंडून फुटलंच नाही. ती नुसतीच मान हलवून बाहेर आली.

त्यानंतर खुलासे, जबाब, पुन्हा खुलासे. फुलं पिकवणारी माझी आई एका पोलीस शिपायासमोर बसून सांगत होती की मीच पाठवलं, मला बेड्या घाला. बेड्या कुणालाच घातल्या नाहीत. फक्त फाइल मुंबईला गेली, तिथून दिल्लीला गेली आणि तिथे बसून राहिली. मी दर पंधरा दिवसांनी कचेरीत जायचो. कारकून मला बघितलं की लांबूनच हात हलवायचा, म्हणजे काही नाही. अल्बममध्ये त्या फोटोची जागा रिकामी होती. बायकोने तिथे दुसरा फोटो लावला नाही आणि मलाही लावू दिला नाही.

मध्ये एकदा मीच म्हणालो, जाऊन ये आईकडे, होईल ते होईल. तिने मुलीकडे बोट दाखवलं. तेवढंच.

दोन वर्षांनी कराचीहून शेजाऱ्याच्या फोनवर निरोप आला. दुपारची वेळ होती, मी कामावर होतो. घरी आलो तेव्हा बायकोने आंघोळ करून देवासमोर दिवा लावला होता आणि ती कणीक मळत होती. सासूला जाऊन तोवर दोन दिवस झाले होते. तिकडच्या बायका म्हणाल्या, शेवटपर्यंत विचारत होती, पोरगी पक्की झाली का. हे मला बायकोने सांगितलं नाही, पंचवटीच्या आत्याने सांगितलं. त्या रात्री मी तिला म्हणालो, तू मला शिव्या दे. ती म्हणाली, “कशाला? फोटो चांगला आला होता.” शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. तिने मला सोडलं नाही, हेही मला उशिरा कळलं.

त्यानंतर पाच महिन्यांनी दिल्लीचं पत्र आलं. अर्ज विचारात घेता येत नाही. हवं तर नव्याने करावा. तोवर कायदाही बदलला होता आणि पाच वर्षांची सात झाली होती. बायको म्हणाली, नको. मी तरीही केला. का केला ते सांगता येणार नाही. स्टोअरकीपरला रॅकमधली एखादी जागा रिकामी दिसली की ती भरावीशी वाटते, तसं काहीतरी असेल. मुलीसाठी केला, असं मी लोकांना सांगायचो.

पुन्हा मुलाखतीला बोलावलं तेव्हा मुलगी बारावीत होती. माझी आई गेली होती. या वेळी मी तयारी करून घेतली नाही, अल्बम नेला नाही. बायको हिरव्या साडीत, केस पुढून पांढरे झालेले. साहेब नवीन होते, तरुण आणि चटपटीत. जुनी फाइल त्यांच्यासमोर होती. त्यांनी पानं उलटली तेव्हा मला आमचा फोटो दिसला. कोपऱ्यात गंजलेली टाचणी, आणि बायको खो-खो हसते आहे. बायकोनेही तो बघितला. इतक्या वर्षांनी आईच्या साडीतला तो फोटो तिला दिसला, तोही उलटा, टेबलाच्या या बाजूने. तिने किंचित पुढे वाकून बघितलं आणि साहेबांनी पान उलटलं.

ते म्हणाले, जुनी गोष्ट झाली, हे एवढं मनावर घ्यायचं कारण नाही. मी ते मनात पुन्हा म्हणून बघितलं. जुनी गोष्ट झाली. मग त्यांनी फॉर्मवरचा एक रकाना बघितला आणि बायकोला विचारलं, “तिकडे आता कोण आहे तुमचं? आई-वडील?”

“कोणी नाही,” ती म्हणाली.

“कोणीच नाही?”

“नाही.”

साहेबांनी रकान्यात खूण केली आणि खुश होऊन म्हणाले, “मग सोपं झालं.”

मी खुर्चीत पुढे सरकलो. मी काहीतरी बोलणार होतो, काय ते देव जाणे. तिने टेबलाखाली माझ्या मनगटावर हात ठेवला. मग उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि मी शिकवलं होतं तसं, एकही अक्षर न चुकता म्हणाली, “आभारी आहे, साहेब.”