मालकांवरची धाड

मालकांच्या मालकीचं म्हणाल तर दोन खोल्यांचं घर आणि एक सायकल, तीही पंक्चर. तरीही प्रशिक्षण संस्थेच्या फाटकावरचा पहारेकरी त्यांना ‘या मालक’ म्हणायचा आणि कॅन्टीनवाला त्यांचा चहा न मागता आणून ठेवायचा. याचं कारण असं, की वर्षातून चार-पाच वेळा ते एका पाइप कारखान्याचे मालक होत.

संस्था सरकारी. दूरदूरच्या, नुकत्याच सावरू लागलेल्या देशांतले सरकारी अधिकारी तिथे येऊन राहत आणि स्पर्धा कायदा शिकत. म्हणजे व्यापाऱ्यांनी एकमेकांशी खरी चढाओढ करावी, आतून हातमिळवणी करून भाव वाढवू नयेत, आणि वाढवलेच तर त्यांना पकडायचं कसं, हे शिकत. फळ्यावरचे आलेख काढून सगळे पेंगायला लागले, की शेवटी एक दिवस लुटुपुटूची धाड असे. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांची कारखान्याची कचेरी करायची, कपाटात रद्दी फायली भरायच्या आणि एक चोरटा मोबाईल कुठेतरी लपवायचा. त्यात चार कारखानदारांनी पाइपांचे भाव संगनमताने ठरवल्याचे निरोप. अधिकाऱ्यांनी तो शोधायचा आणि मालकाला खिंडीत गाठायचं.

मालक मुळात याच संस्थेत टपाल रवाना करणारे कारकून. स्वभाव इतका गरीब, की पाकिटावर शिक्काही कागदाला लागू नये अशा बेताने मारत. घरी बायको निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्याशी त्यांनी कधी वाद घातल्याचं शेजाऱ्यांच्याही ऐकिवात नव्हतं. एकदा मालकाचं काम करणारा नट आयत्या वेळी आलाच नाही. शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी समोर दिसेल त्याला, म्हणजे टपाल घेऊन आलेल्या या कारकुनाला, कोट चढवून खुर्चीत बसवलं. अधिकारी आत आले, कपाटाची किल्ली मागू लागले. ज्याने जन्मात कुणाला नकार दिला नव्हता तो माणूस म्हणाला, “नाही.” म्हणून बघितलं तर बरं वाटलं. मग म्हणाला, “नाही देत जा. काय करायचं ते करा.” प्राध्यापकांच्या हातातला खडू खाली पडला.

तेव्हापासून ते काम त्यांचंच झालं. निवृत्तीनंतरही तेवढ्यासाठी बोलावणं येई. कोट त्यांनी स्वतःच्या मापाचा शिवून घेतला. धाडीच्या आदल्या दिवशी मिशी काळी करू लागले. घरी मात्र ‘जुन्या फायली लावायला बोलावतात’ एवढंच सांगितलेलं. खरं सांगितलं असतं तर बायको हसली असती, आणि ते हसणं त्यांना सोसलं नसतं. ते चार-पाच दिवस त्यांना वर्षभर पुरत.

घोटाळा एवढाच, की ते कधी सापडत नसत.

“मालक, तुम्ही काम फार उत्तम करता,” नव्या संचालक मॅडम म्हणाल्या. “तीच तर अडचण आहे. मागच्या तुकडीतल्या एकाने जाताना लिहून दिलंय, की व्यापाऱ्यांचं संगनमत पकडणं मानवी शक्तीबाहेरचं आहे हे मी इथे शिकलो. या खेपेला मोबाईल सापडला नाही, तर पुढची धाड संगणकावर. कंपनीचा माणूस येऊन सगळं दाखवून गेलाय.”

मालकांनी विचारलं, “म्हणजे मी सापडायचं?”

“सापडायचं. पण मुद्दाम सापडलात असं वाटता कामा नये.”

त्यात कारखान्याच्या सेक्रेटरीचं काम करणाऱ्या ग्रंथपालबाईंचा पाय मुरगळला. मॅडमनी मालकांना कळवायला घरी फोन केला, तो बायकोने उचलला. दोघी बराच वेळ बोलल्या. फोन ठेवून बायको म्हणाली, “तुमची सेक्रेटरी म्हणून उद्या मी येतेय.” एक प्रश्न विचारला नाही की फायलींचं नाव काढलं नाही. मालकांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

सकाळी मालकांनी ठरवून टाकलं होतं. मोबाईल खिडकीतल्या कुंडीत ठेवायचा, अर्धा बाहेर दिसेल असा. एवढं केलं की आंधळ्यालाही सापडला असता. पण जिन्यावर पावलं वाजली आणि मालकांचं रक्त उसळलं. इतक्या वर्षांचा लौकिक असा कुंडीत घालायचा? बाहेरच्या खोलीत बायको वाकड्या दिसणाऱ्या फायली सरळ करत होती. मालक पुढे झाले आणि सवयीने मोबाईल सेक्रेटरीच्या खुर्चीला लटकणाऱ्या पर्समध्ये टाकून परत आले. बाईमाणसाच्या पर्सला सभ्य अधिकारी हात लावत नाहीत, हेच त्यांच्या यशाचं गुपित होतं. आज ती पर्स ग्रंथपालबाईंची नाही, हे त्यांना खुर्चीत बसल्यावर आठवलं. तोवर दार वाजलं.

पथकाचा प्रमुख एक उंच, कमालीचा नम्र अधिकारी होता. त्याच्या देशात हे खातं नुकतंच उघडलं होतं आणि त्यात तूर्त तो, एक टंकलेखक आणि एक पंखा एवढंच होतं.

“बसू का?” त्याने विचारलं.

“नाही,” मालक गरजले. “वकील आल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.”

“बरं. उभा राहतो.”

दारातून बायको बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यात मॅडम मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. अधिकाऱ्याने टेबलाचा खण ओढला. “त्यात माझ्या आईचा चष्मा आहे,” मालक सवयीने म्हणून गेले आणि आवाजही कापरा करून बसले. त्या भल्या माणसाने दोन्ही हातांनी खण हळूच बंद केला.

वेळ संपत आली तशी मालकांना खरोखरच घाम फुटला. आता आपणच काहीतरी सुचवायला हवं होतं. “बाहेरच्या खोलीत जायचं काम नाही,” त्यांनी दटावलं. “तिथे काही नाही. सेक्रेटरीच्या खुर्चीपाशी तर मुळीच काही नाही.”

“ठीक आहे,” अधिकारी म्हणाला. “तिकडे नाही जात.”

मालकांना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. आपलं काम आपल्याच तोंडाने संपवलं, पुढच्या खेपेला आपल्या जागी पडद्यावरचं एखादं चित्र ‘नाही’ म्हणणार, आणि आपण घरी बसून पंक्चर सायकल पुसणार. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

बाहेर मात्र पथकातली सर्वांत धाकटी अधिकारी बायकोसमोर बसून पुस्तकातला धडा पाठ म्हणत होती. “या कायद्यात माफीची सोय आहे. जो सर्वांत आधी येऊन खरं सांगेल त्याला शिक्षा पूर्ण माफ. त्याच्यामागून येणाऱ्याला थोडीच.”

“म्हणजे चहाडी करणाऱ्याला बक्षीस?” बायकोने मुख्याध्यापिकेच्या आवाजात विचारलं.

“हो बाई,” म्हणत ती मुलगी नकळत उठून उभी राहिली.

“जन्मभर मी वर्गात याच्या उलट करत आले. बस. लिहून घे.” बायकोने घसा साफ केला. “हे गृहस्थ काहीही लपवायचं झालं की माझ्याच सामानात लपवतात. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, तर यांची बिस्किटं माझ्या शिलाई मशीनच्या खणात असतात. मी माझ्याच खणात कशाला शोधीन, असा यांचा हिशेब.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करायचं? ती काढून बिनसाखरेची ठेवते. यांना अजून पत्ता नाही.”

आतल्या खोलीत मालक उभे होते ते मटकन बसले. ती बिस्किटं ते इतके दिवस चोरून, जीव मुठीत धरून, चवीचवीने खात आले होते.

“आणि मोबाईल?” मुलीने विचारलं.

बायकोने पर्स टेबलावर ठेवली आणि स्वतः उघडली. “रुमाल माझा, चष्मा माझा. हा माझा नाही.”

उंच अधिकारी धावत बाहेर गेला. मोबाईल हातात घेऊन तो परत आला तो इतक्या आनंदात, की त्याने मालकांनाच मिठी मारली. पथकाचा फोटो निघाला. मॅडम जाता जाता दारात थांबल्या आणि म्हणाल्या, “संगणकवाल्याला मी नको म्हणून कळवते. पुढच्या खेपेला दोघंही या.”

काम वाचलं होतं. मालकांनी खूश व्हायला हवं होतं, पण फाटकाबाहेर येईपर्यंत ते फुगून बसले होते.

“तू मला धरून दिलंस,” ते बस थांब्यावर म्हणाले.

“दिलं. मॅडमनी फोनवर सगळं सांगितलं होतं. सापडला नाहीत तर काम बंद, आणि तुम्ही आपणहून काही सापडणार नाहीत, हे मला दिसत होतं. पर्स जड लागली तेव्हाच मी ओळखलं. त्या उंच माणसाला काही सुचेल म्हणून वाट बघितली. तो तर तुम्हालाच घाबरत होता.”

मालकांना ते शेवटचं वाक्य जरा बरं वाटलं. “मी तुला फायली लावायला जातो म्हणून सांगत होतो,” ते खाली बघत म्हणाले.

“फायली लावायला कुणी मिशी काळी करून जातं का?”

“ठाऊक होतं तर बोलली का नाहीस इतकी वर्षं?”

बायकोने पर्स या हातातून त्या हातात घेतली. “धाडीच्या दिवशी तुम्ही घरी येऊन मला उलट उत्तर देता म्हणून. एकदा तर भाजी अळणी आहे म्हणालात. शाळा सुटल्यापासून माझ्याशी कुणी भांडत नाही हो. तुम्ही सगळ्याला मान डोलावता. त्या घरात मला माझाच आवाज ऐकून कंटाळा येतो. ते चार-पाच दिवस माझेही आहेत.”

बस येऊन उभी राहिली. “चला,” बायको म्हणाली.

“नाही,” मालक म्हणाले. “चालत जायचं.”

“माझे गुडघे दुखतात.”

“मग हळू चालू.”

चालक दार उघडून दोघांकडे बघत होता. बायकोने हसत हसत पर्स नवऱ्याच्या हातात दिली आणि ती चालायला लागली.