कीबोर्डला हात न लावणाऱ्या बाई

आमच्या बाई आमच्या कीबोर्डला कधी म्हणून हात लावत नसत. कुणी अडलं की त्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहायच्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळा तपासायला आल्यासारख्या. आपण घामाघूम. उत्तर त्यांना माहीत असायचं, हे आपल्यालाही ठाऊक असायचं, आणि तरी त्या नुसतं विचारायच्या, "बरं, मग आता काय करशील?" पहिल्या महिन्यात मला वाटायचं, ही बाई मुद्दाम छळते. अर्ध्या मिनिटाचं काम, सांगून टाकलं तर काय बिघडतं हिचं?

ठाण्याला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात आमचं कॉम्प्युटर खातं होतं. ऐंशीचं दशक संपत आलेलं. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे काचेच्या खोलीतलं कपाटाएवढं धूड. चपला बाहेर काढून आत जायचं, आणि अख्ख्या कारखान्यात साहेबांच्या खोलीनंतर एसी होता तो फक्त त्याला. अशा खात्याच्या प्रमुख एक बाई आहेत, असं मी डोंबिवलीला घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, प्रमुखांच्या सेक्रेटरी असतील. नीट विचार." मी नीट विचारलं. प्रमुखच होत्या.

बाई ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या. आई मासळी बाजारात बसायची, हे त्या कुणालाही सहज सांगायच्या, आणि त्यांच्या डब्यातल्या सुकटीवर आम्हा सगळ्यांचा डोळा असायचा. एकदा जेवताना मी धीर करून विचारलं, की तुम्ही सरळ करून का दाखवत नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं, की त्या दहा वर्षांच्या असताना आईने त्यांना मासळीच्या पाटीसमोर बसवलं आणि स्वतः शेजारणीशी गप्पा मारत बसली. पहिली तीन गिऱ्हाइकं हातची गेली. आईने ढुंकूनही पाहिलं नाही. "चौथं मी सोडलं नाही," बाई म्हणाल्या. "आई मध्ये पडली असती ना, तर मी आजही तिच्या तोंडाकडे बघत बसले असते." एवढं सांगून त्यांनी सुकट माझ्याकडे सरकवली.

कारखान्यात काहीही बिघडलं, की 'कॉम्प्युटरने चूक केली' म्हणून लोक मोकळे व्हायचे. आमच्या खात्यात मात्र हे वाक्य उच्चारायची सोय नव्हती. त्याला बिचाऱ्याला काय कळतंय, असं बाई म्हणायच्या, त्याला कुणी काय सांगितलं ते बोल. मला हे फार आवडायचं. म्हणजे माझ्यावर वेळ येईपर्यंत आवडायचं.

महिन्याच्या शेवटी स्टोअरमधून बाहेर गेलेला माल शिलकेतून वजा करणारा एक प्रोग्राम असायचा. तो चालवणं माझ्याकडे होतं. माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन संपायला तीन आठवडे उरले होते. घरी बाबांशी ठरलं होतं, नोकरी कायम झाली तर दोन वर्षं लग्नाचा विषय बंद, नाहीतर कल्याणचं एक स्थळ तयारच बसलं होतं. त्या दुपारी प्रोग्राम अर्ध्यावर असताना वीज गेली. आली तेव्हा मी शहाणीने तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. झालं. अर्ध्या सामानातून तोच माल दोनदा वजा झाला. रॅकवर भरलेले सुटे भाग कागदावर संपले. दुसऱ्या दिवशी मी छापून दिलेल्या शिलकेच्या यादीवर विसंबून जोडणीचं काम रद्द झालं आणि एक अख्खी पाळी माणसं रिकामी बसून राहिली.

वर्क्स मॅनेजरसाहेबांनी बाईंना बोलावलं. बाई मला सोबत घेऊन गेल्या. आत पाच-सहा खात्यांचे साहेब बसलेले. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्यात अडकले. "मराठीत सांग," बाई म्हणाल्या, "इथे सगळ्यांना कळतं." मग मी सांगितलं, वीज जाण्यापासून यादी छापण्यापर्यंत सगळं, आणि चूक माझी, हेही सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग ते बाईंना म्हणाले, की प्रोबेशन संपलं की हिला मोकळं करा, आणि यापुढे अशा कामावर मुली नकोत.

बाईंचा आवाज जराही चढला नाही. "साहेब, मध्येच बंद पडला तरी पुन्हा पहिल्यापासून चालू होईल, असा प्रोग्राम लिहिला कुणी? मी. चूक माझ्या नावावर लिहा. आणि तो दुरुस्त करेल ही, मी नाही."

साहेबांनी खरोखरच लिहून घेतलं. मला आठ दिवस दिले. ते आठ दिवस मी काय जेवले, आठवत नाही. बाईंनी लिहिलेल्या ओळी मी खोडत होते आणि बाई खुर्चीमागे उभ्या राहून बघत होत्या. नवव्या दिवशी साहेबांसमोर आम्ही चालता प्रोग्राम मुद्दाम बंद पाडला, पुन्हा सुरू केला, आणि त्याने जिथे सोडलं होतं तिथूनच काम उचललं. मी कायम झाले. बाबांनी शब्द पाळला, कल्याणच्या स्थळाला दुसरी मुलगी मिळाली.

दोन वर्षांनी बाई कंपनीच्या सगळ्या कारखान्यांच्या कॉम्प्युटर प्रमुख झाल्या. त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई. निरोपाच्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी अशी मिरवत होते, जणू बढती माझीच. तेवढ्यात वर्क्स मॅनेजरसाहेब समोशाची बशी घेऊन शेजारी आले आणि हळूच म्हणाले, की ही जागा बाईंना दोन वर्षांपूर्वीच मिळायची होती, कागद तयार होते. पण फाइलमध्ये त्या चुकीची नोंद गेली आणि वरच्यांनी हात आखडता घेतला.

मला संताप आला. साहेबांचा, कंपनीचा, स्वतःचा, सगळ्यांचाच. मी तडक बाईंपुढे जाऊन विचारलं, की हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का.

"होतं की," त्या म्हणाल्या. "मला ही खुर्ची आज मिळाली. तुला त्या दिवशी काढलं असतं, तर परत कुणी बोलावलं असतं?"

मी तिथेच, सगळ्यांदेखत रडले. माझं आटोपल्यावर बाईंनी मला रुमाल दिला आणि म्हणाल्या, "सोमवारी चार नव्या मुली रुजू होताहेत. साहेबांनीच सही केलीय. त्या तुझ्याकडे."