जानकीचं दुसरं रक्त

वनमाला साटम घाटकोपरच्या एका छोट्या लॅबमध्ये रक्त तपासायची. हात हलका, पण तोंड फटकळ. बायका तिच्या सुईला घाबरत नसत, बोलण्याला घाबरत. उपाशी ये सांगितलं तर चहा कशाला ढोसलास, असा तिचा खाक्या. पण कुणी पोटुशी आली की हीच बाई आधी स्टूल पुढे सरकवायची.

चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणात असल्फ्याहून जानकी आली. तिसरा महिना चालू, आणि शेजारच्या पोराला जर्मन गोवर निघालेला. ते पोर सदान्‌कदा हिच्याच मांडीवर! आईला ही लागण झाली तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय, सगळ्याचीच वाट लागू शकते. तपासलं, तर जानकीच्या रक्तात त्या गोवराशी लढणारं द्रव्य सापडलं. झालं! सासरे सहदेव यांनी एवढंच ऐकलं आणि निकाल लावला. गणपतीहून परत आलो की पोट खाली करून घ्यायचं.

वनमालाचं डोकंच फिरलं. अहो, लहानपणी हाच गोवर होऊन गेला असला तरी ते द्रव्य सापडतं, आणि मग बाळाला धोका नसतो! तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं, दोन्ही शेजारी शेजारी तपासायचं. चौपट वाढलं तर लागण ताजी, तेवढंच राहिलं तर जुनी. तिने दोघांनाही चारदा समजावलं, तारीखही दिली.

ठरल्या दिवशी जानकी आलीच नाही. येणार कशी? अख्खी चाळ त्याच दिवशी गणपतीला गावी निघालेली. वनमालाने सिरिंज, कापूस, स्पिरिट पिशवीत टाकलं, रिक्षा पकडली आणि असल्फ्याच्या नाक्यावर उभ्या असलेल्या चाळीच्या एसटीत चढली.

सहदेवमामा आडवे आले. सणाला निघताना रक्त काढायचं नाही म्हणाले. जानकी खिडकीशी डोळे पुसत बसलेली.

"मामा, नातवंड नकोय, की भीती वाटतेय?" वनमालाने विचारलं.

म्हातारा खालच्या आवाजात बोलला. "भीती वाटता गो. पोर आंधळा झाला तर?"

"मग मला बघू तरी द्या."

मामा बाजूला झाले. इतकंच नाही, कंडक्टरने घंटी मारली तेव्हा ड्रायव्हरला थांबवायला तेच धावले. रक्त मिळालं, मामांनी गावचा पत्ता सांगितला आणि बाप्पाच्या गजरात गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी वनमालाने दोन्ही रक्तं एकाच प्लेटमध्ये लावली. दोन्हींत द्रव्य सारखंच. विश्वास बसेना म्हणून पुन्हा लावली. सारखंच! लॅबच्या डॉक्टरांनीही मान डोलावली. तिने तडक पोस्टात जाऊन तार ठोकली: लागण जुनी, बाळाला धोका नाही, काही करू नका.

तार पोचली की नाही, या काळजीने तिचा जीव टांगणीला लागला होता. गौरी-गणपती उरकून जानकी परतली ती थेट लॅबमध्येच आली.

"ताई, तार मामंजींच्याच हातात पडली. त्यांना वाचता येत नाही. पोस्टमनकडून तीनदा वाचून घेतली. मग भर पाहुण्यांत माझ्यासमोर हात जोडले, लेकीला म्हणावं तसं म्हणाले, चेडवा, माका माफ कर."